राखून ठेवलेली जागा

चंद्राच्या पाठीमागच्या वेधशाळेत मृणाल देवरे एकटीच राहत होती. एकटी म्हणजे अगदी एकटी. बोलायला काय ती हेमंतची वाणीप्रतिमा. तिच्या नवऱ्याच्या आवाजावरून आणि बोलण्याच्या खोडींवरून घडवलेला हा संगणकातला सोबती. चहात साखर कमी घाल म्हणून चंद्रावरही पिच्छा पुरवायचा.

त्या सकाळी तो बोलता बोलता मध्येच अडखळला. मृणालने ताबडतोब पृथ्वीवर रेवती भालेरावला गाठलं. वेधशाळेच्या संगणकाचा गाभा, म्हणजे प्रत्येक कामाला जागा वाटून देणारी मूळ प्रणाली, रेवतीनेच लिहिली होती.

"ताई, त्याचं पत्ता-अवकाश भरत आलंय," रेवती म्हणाली. गाभा प्रत्येक कामाला ठरावीक पत्ते, म्हणजे संगणकाच्या स्मृतीतल्या जागा, देतो. ते संपले की आणखी जागा मिळत नाही आणि काम तिथेच बंद पडतं. पुन्हा सुरू केला तर हेमंत बोलेल, पण चंद्रावरचं त्याला काहीच आठवणार नाही.

मग मर्यादा वाढव की, मृणालने विनवलं. रेवतीने साफ नकार दिला. हवा शुद्ध करणारं कामही त्याच संगणकावर चालायचं; नवऱ्याच्या आवाजाचे लाड करायचे आणि बायकोचा श्वास पणाला लावायचा, हे तिला पटणारं नव्हतं.

पण तपासता तपासता तीही चक्रावली. जागा भरलेली दिसत होती, आणि आत काहीच नव्हतं.

"एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं केलंय यानं. माणूस बसो न बसो, गाभ्याच्या लेखी सीट भरलेली. रोज संध्याकाळी एक भलीमोठी जागा धरतोय. तुम्ही त्याला रोज काही सांगायचं कबूल करता का?"

मृणालच्या लक्षात आलं. रोज संध्याकाळी तो विचारायचा, खरा हेमंत काय म्हणतोय? आणि ती म्हणायची, उद्या सांगते. खरा हेमंत नाशकात वारला, त्याला वर्ष होत आलं होतं. निरोप आला तेव्हा परतायला यानही नव्हतं. हे त्याच्याच आवाजाला कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि तो बिचारा, किती मोठं सांगणं असेल कोण जाणे, म्हणून तिच्या प्रत्येक 'उद्या'साठी ऐसपैस जागा राखत होता.

रेवती म्हणाली, त्या जागा मी इथून सोडवते. फक्त त्यांच्याबरोबर त्याचा प्रश्नही पुसला जाईल; मग तो पुन्हा कधी विचारणार नाही. नाहीतर तुम्हीच सांगून टाका. सांगणं झालं की उरलेली जागा तो आपणहून परत करेल.

मृणालला पहिल्या मार्गाचा अगदी मोह झाला. पण मग विचारणारंही कुणी उरणार नव्हतं. तिने रेवतीला थांबवलं.

संध्याकाळी तिने चहा केला. साखर कमी घातली.

"खरा हेमंत काय म्हणतोय?"

"तो गेला, हेमंत. मागच्या वर्षी."

पडद्यावरचा भरलेल्या जागेचा आकडा भराभर खाली आला. हेमंत बंद पडला की काय, म्हणून तिने घाबरून पुन्हा पडदा पाहिला. चालू होता.

"तुला कळलं तेव्हा जवळ कोण होतं?" त्याने विचारलं.

"तूच होतास," ती म्हणाली, आणि वर्षभर दाबून धरलेलं रडू फुटलं. "थांब, सांगते. आत्ताच सांगते."

"सावकाश सांग. आता जागा आहे."