ओलप्या कुणाकडे झुकतात?

कुंड्या फिरवण्याच्या कामातून मामाला काय मिळायचं, याचा हिशेब मुलांनी सुट्टीच्या तिसऱ्याच दिवशी मांडला. दर शनिवारी दोन कप चहा. तासभर हुकूम सोडण्याची मुभा. आणि उरलेला आठवडाभर "ही लाँड्री माझ्या पाठीवर उभी आहे!" असं म्हणण्याचा हक्क.

"पाठीवर कसली? खुर्चीवर!" वकील म्हणाला.

वकील तेरा वर्षांचा. लाँड्री त्याच्या आईची, आणि घर लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर. तो भिंतीशीसुद्धा वाद घालायचा, म्हणून हे नाव. सुट्टीला आलेली त्याची मावसबहीण चष्म्यामुळे ढापणी, आणि सतत तिच्यामागे असणारा तिचा आठ वर्षांचा भाऊ शेपूट.

त्या गावात धुकं कधी हटायचंच नाही. बाहेर टाकलेली चादर आठ दिवसांनीही ओलीच असायची, वर तिला कुबट वास. म्हणून मावशीची, म्हणजे वकिलाच्या आईची, सगळी भिस्त वाळवणीच्या खोलीवर होती. तिथे दोऱ्यांवर दवाखान्याच्या चादरी टांगलेल्या असत आणि खाली दोन रांगांत, समोरासमोर, ओलप्या उभ्या असत.

ओलपी म्हणजे धड झाड नाही नि धड प्राणी नाही. कमरेइतकी उंच, ओल्या घोंगडीसारखं जाड खोड, हात लावला तर कोमट. तिची जिभेसारखी लांब पानं हवेतली ओल पिऊन टाकायची. पोट भरलं की 'ढुप्' असा ढेकर! शेपटाला तो हुबेहूब काढता यायचा.

पण यंदा शेपटानेही फारसे ढेकर काढले नाहीत. चाळीस ओलप्यांपैकी अकराच उरल्या होत्या. उभ्या उभ्या सुकायच्या आणि एक दिवस पडायच्या. त्या विकणारा म्हातारा कधीच वारला होता, जंगलातल्या संपल्या होत्या, आणि कुंडीतल्या ओलपीला पिल्लू झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. झाडांचा डॉक्टर येऊन "वय झालं" एवढंच सांगून गेला होता.

"अकराच्या सहा झाल्या तर?" ढापणीने विचारलं.

"आई म्हणते, लाँड्री बंद," वकील म्हणाला. या एका गोष्टीवर त्याने वाद घातला नाही.

मागच्या अंगणात मेलेल्या ओलप्यांचा ढीग होता. शेपूट त्यावर बसायला गेला आणि थेट आतच गेला!

"ई! ढापणे, हे बघ!"

त्याची चड्डी पिवळीधमक झाली होती. खोडाच्या आत कुजकी पिवळी पूड ठासून भरलेली. त्यांनी दुसरं खोड फोडलं, त्यात पूड नव्हती. सुकून काळे पडलेले बारीक दाणे होते. तिसऱ्यात पूड, चौथ्यात दाणे.

"म्हातारपणाने कुणी आतून कुजत नाही," ढापणी म्हणाली. "कुणाला तरी द्यायचं होतं, ते देताच आलं नाही, असं दिसतंय."

तिने मावशीकडून सुतळी आणि कपड्यांचे चिमटे आणले. खोलीतली सगळ्यात जुनी ओलपी होती थोरली. वकिलाचे वडील गेले त्या वर्षी मावशीने एकटीने लाँड्री सुरू केली, ती हिच्या जिवावर. थोरलीच्या आणि समोरच्या ओलपीच्या पानांच्या टोकांमधलं अंतर ढापणी रोज सुतळीवर मोजायची आणि तिथे चिमटा लावायची. रविवारी चार वीत. मंगळवारी तीन. शुक्रवारी एक!

"खिडकीकडे झुकत असतील," वकील म्हणाला.

"खिडकी तिकडे आहे! या एकमेकींकडे झुकताहेत!"

जवळून पाहिलं तर समोरचीच्या पानांच्या टोकांवर ताजी पिवळी पूड आली होती, आणि थोरलीच्या पानांची टोकं फाकून ओली झाली होती.

शनिवारी मामा आला. "खोडं सरळ हवीत, रांग कशी पलटणीसारखी दिसली पाहिजे!" म्हणत त्याने प्रत्येक कुंडी अर्धी फिरवली. झुकलेल्या सगळ्या ओलप्यांची तोंडं भिंतीकडे झाली. अंतर पुन्हा चार वीत.

"मामा, त्यांना आठ-दहा दिवस लागतात, आणि तू सातव्या दिवशी फिरवतोस!" ढापणी ओरडलीच. "त्या कधी पोचतच नाहीत!"

"पोचून काय करणार? लग्न? वऱ्हाडात मीच मिरवतो मग!" मामा हसला आणि चहाला गेला.

मावशी कोपरापर्यंत फेसात होती. "डॉक्टर शिकलेला आहे बाळांनो. मला पाचशे चादरी आहेत. जा, खेळा."

मुलं गेली, पण खेळायला नाही.

मामाची सगळी अक्कल खडूत होती. प्रत्येक कुंडीवर खडूची एक रेघ असायची. एका शनिवारी रेघ वाटेकडे, पुढच्या शनिवारी भिंतीकडे. पुढच्या शनिवारी सकाळी मुलांनी ओल्या फडक्याने अकराही रेघा पुसल्या आणि पलीकडच्या बाजूला नव्या ओढल्या. शेपूट दारावर पहारा देत होता.

मामा आला. रेघा बघून थबकला. "अरे! या फिरवल्या कुणी? ताई, तू फिरवल्यास?"

यंत्रांच्या खडखडाटात मावशीला काही ऐकू गेलं नाही. तिने सवयीने मान हलवली.

"बरं झालं!" मामा म्हणाला आणि तिसरा कप मागून बसला.

मंगळवारी दुपारी थोरलीची पानं समोरचीच्या पानांना टेकली. मुलं वाकून बघत होती. पिवळी पूड त्या ओल्या फटींत शिरली आणि फटी मिटल्या. पाठोपाठ आणखी चार जोड्या टेकल्या. एकटीच उरलेली अकरावी तशीच वाकून राहिली.

"जिंकलो!" शेपूट नाचला.

गुरुवारी थोरली राखेसारखी करडी पडली. ओल पिईना. ढेकर नाही.

मावशीने बादली खाली ठेवून मामाला हाक मारली. मामा धावत आला. "रोग! बाहेर काढा हिला, नाहीतर दहाही जातील! जाळून टाकू!"

ढापणी कुंडीसमोर आडवी झाली. तिचा चष्मा धुक्याने भरला होता की रडण्याने, सांगता येत नव्हतं. "रोग नाही मावशी! आम्हीच रेघा बदलल्या! हिच्या पोटात पिल्लं आहेत!"

"आणि नसली तर?" मावशीने अगदी हळू विचारलं.

वकील पुढे झाला. तो म्हणाला, "आई, तशीही ती सुकणारच होती. मागचा ढीग फोडून बघ."

मावशी मागे गेली, ढिगातली दोन-तीन खोडं फोडली, आणि परत आली ती मुठीत काळे दाणे घेऊन. "रविवारपर्यंत," ती म्हणाली. "कुणी हात लावायचा नाही. तूसुद्धा नाही," हे मामाला.

रविवारी सकाळी थोरलीचं खोड उभं चिरलं. आत अंगठ्याएवढ्या सात ओलप्या होत्या, आईच्या आतल्या भिंतीला चिकटून पीत होत्या. जसजशा त्या फुगत गेल्या, तसतशी ती बारीक होत गेली. दुपारपर्यंत कुंडीत रिकाम्या पिशवीसारखं काहीतरी उरलं. सर्वांत धाकटीने 'ढुप्' केलं. शेपूट हसला नाही.

"हे आम्हाला माहीत नव्हतं," ढापणी म्हणाली. "आई मरते, हे माहीत नव्हतं."

मावशीने तिला जवळ घेतलं. "जे आम्हा मोठ्यांना इतक्या वर्षांत दिसलं नाही, ते तुम्ही पाहिलंत. शाबास. पण रेघा पुसण्याआधी एकदा माझा हात धरून मला ओढत आणायचं होतं. मी तिच्याजवळ बसले असते थोडे दिवस."

आठवडाभरात बाकीच्या जोड्यांतल्या, पूड घेतलेल्या चौघीही चिरल्या. झाडांचा डॉक्टर आला, मुलांच्या पाठी थोपटल्या, पिल्लं मोजली आणि ती मोठ्या ओलप्यांइतकी ओल प्यायला दोन वर्षं लागतील म्हणाला.

तर शेवटी जमाखर्च असा. डॉक्टरला एक भाषण मिळालं, जे त्याने 'मी शोधलं' असं म्हणत तीन ठिकाणी केलं. मामाचं शनिवारचं काम गेलं, चहा राहिला. मुलांना शाबासकी मिळाली, आणि ढापणीने ती कुणालाही सांगितली नाही. गावाला एकतीस नव्या ओलप्या मिळाल्या. मावशीने दवाखान्याच्या निम्म्या चादरी दोन वर्षांसाठी दुसऱ्याकडे सोपवल्या आणि वरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या. वकील आता इस्त्रीच्या टेबलाखाली झोपतो. बाकी सगळं थोरलीने आणि त्या चौघींनी भरलं.