येतो म्हणून गेलेला भरमू

जयवंताला सहा नंबरची खाट मिळाली.

हे वाक्य आता विसरा. मिळाली नाही असंच धरून चला. मालुआक्का गेली पाच वर्षं तसंच धरून चालली आहे.

घटना खरी आहे. मालुआक्का माझी सख्खी मावशी. अनगोळात राहते, नर्स आहे. तिला काही रचता येत नाही. रजेच्या अर्जातसुद्धा ती खरं कारण लिहिते, म्हणून तिला रजा मिळत नाही. साल १९८२, डिसेंबर, वेळ दुपारी तीनची. भुतानं दुपारी तीनला यावं, हे तिलाही पटलेलं नाही.

बेळगावच्या कॅम्पात, चर्चच्या मागं, एक बैठा दवाखाना. मोठ्या दवाखान्यानं "आता काही होणार नाही" म्हणून सांगितलेली पोरं तिथं असतात. बारा खाटा. बरं करायचं नसतं. दुखू द्यायचं नसतं, एवढंच.

आणि आक्काचा एक नियम. वॉर्डात कुणी "जातो" म्हणायचं नाही. "येतो" म्हणायचं. चहाला निघालेले कानडी डॉक्टरसुद्धा दारात थांबून "होगि बर्तीनि", म्हणजे जाऊन येतो, म्हणत, मगच चहा.

सहा नंबरला वडगावच्या विणकराचा भरमू होता. आठ वर्षांचा. काही हवं असलं की चमच्यानं खाटेच्या लोखंडी दांडीवर तीनदा वाजवायचा. एका दुपारी त्यानं वाजवलं. आक्का गेली.

"येतो हं, आक्का," म्हणाला...

आणि गेला.

नियम पाळणारं पोरगं.

चमचा त्याच्या आईनं नेला. चादर बदलली. दुसऱ्या दिवशी, तीन वाजता...

टिंग. टिंग. टिंग.

आक्का धावली. खाट रिकामी.

उशीला मात्र मधोमध खड्डा... आणि चादर हाताला गरम.

आक्का घाबरली नाही. वैतागली. कारण त्याच आठवड्यात निपाणीहून तानीबाई आली होती, तंबाखूच्या वखारीत काम करणारी. कडेवर सहा वर्षांची जयवंता. पोरगी आडवी झाली की तिचा श्वास अडकायचा. आणि डोक्याकडची बाजू वर होणारी खाट अख्ख्या दवाखान्यात एकच होती.

सहा नंबर.

तिथं ठेवलं की जयवंता घसरत कडेला यायची. दोनदा पडता पडता वाचली.

"आक्का, हितं एक जण हाय," ती म्हणाली. "सरकंना झालाय."

मग व्हरांड्यात, गादीवर, आईच्या छातीला टेकून. तानीबाई रात्रंदिवस बसून वाकडी झाली.

आक्का हेडक्लार्क मारुतीरावांकडे गेली. त्यांनी रजिस्टर उघडलं. खाट मोकळी होती.

"रजिस्टरात मोकळी हाय, अण्णा. खाटंवर न्हाय."

"पेशंट असंल तर केसपेपर दाखवा."

केसपेपर बंद होऊन फायलीला लागला होता. पेशंटला कळवायचं तेवढं राहिलं होतं.

तिसऱ्या खेपेला मारुतीराव म्हणाले, पोरगं तुमचं ऐकायचं, तुम्हीच त्याला जा म्हणून सांगा.

एक अक्षर. आक्कानं टोपी नीट केली आणि खाटेसमोर उभी राहिली. सगळा वॉर्ड बघत होता.

टिंग. टिंग...

"भरमू, पोरीला दम लागतोय रं," आक्का म्हणाली. "जा आता."

तिसरं वाजलं नाही.

उशीचा खड्डा हळूहळू भरून आला... चादर गार पडली. आणि जन्माची सवय, आक्काच्या तोंडून मागनं निसटलं,

"...जाऊन ये."

जीभ चावली. पण बोलून झालं होतं.

जयवंताला खाट मिळाली. नऊ दिवस. टेकून बसली, दूध प्याली, वखारीतल्या मुकादमाची नक्कल करून वॉर्ड हसवला. तानीबाई कितीतरी दिवसांनी आडवी झोपली.

दहाव्या दिवशी, तीन वाजता...

टिंग. टिंग. टिंग.

जयवंताच्या हातात चमचा नव्हता. ती एका अंगाला सरकून बसली होती... कुणाला तरी जागा करून.

आक्कानं तिचा हात धरला. पुढं काय येणार ते तिला कळलं. "काय बोलू नगंस, बाळ," म्हणाली.

पण हीसुद्धा नियमाची पक्की.

"येतो आम्ही, आक्का."

आम्ही.

आता उशीला दोन खड्डे असतात. मी आक्काच्या घरून निघताना हल्ली काहीच बोलत नाही, नुसती चप्पल घालतो. ती मात्र दर डिसेंबरात अर्ज देते. यंदाचा मी लिहून दिला:

मा. अधीक्षक साहेबांस,

खाट क्र. ६ वरील पेशंट चि. भरमू (मयत) व कु. जयवंता (मयत) हे रोज दुपारी तीन वाजता हजर असतात. तरी दोघांस रीतसर डिस्चार्ज द्यावा. ते नियमात बसत नसल्यास, डोक्याकडची बाजू वर होणारी आणखी एक खाट मंजूर व्हावी, कारण एकीवर दोघांना दाटी होते. मुलीला दम लागतो. कळावे.