छबूचे जुने शब्द

बंद पडलेल्या दूध संस्थेची विहीर वडवणीच्या रस्त्याला आहे. दुष्काळात म्हशी चारा छावणीत गेल्या, माणसं राहिली. टँकर चुकला की तळातल्या कपारीत झिरपलेलं पाणी वाटीनं भरायचं. कपार अरुंद, म्हणून लहान लेकरू दोरानं खाली सोडायची इथली रीत. आमच्या घरात त्या कपारीत मावेल अशी एकटी छबू. माझी लेक, पाच वर्षांची.

पहिल्यांदा वर आली, भाकरी चावता चावता म्हणाली, "हिदर."

"काय गं?"

"खालच्या बाई म्हंत्यात. हिदर, हिदर."

सासूबाई हसल्या. "आय बीए झालेली, मग लेक इहिरीतबी इंग्रजीच शिकणार."

मी कॉलेजात बक्षीस मिळालेली डिक्शनरी काढली. जुना शब्द, आता वापरात नाही. अर्थ: इकडे, माझ्याकडे. घरात इंग्रजी मला एकटीला येतं, आणि हा शब्द मी कधी उच्चारला नव्हता.

दुसऱ्या खेपेला ती "अनॉन" घेऊन आली. थोड्याच वेळात, असा अर्थ. त्या दिवशी तिची वेणी घातली. दुपारभर उन्हात खेळून आलेली, तरी केस गार होते. मुळापासून गार.

"अवो, आता तिला सोडायचं न्हाई," मी नवऱ्याला म्हणाले.

बंकटनं माझ्याकडे पाहिलं नाही. "टँकर आज बी न्हाई. तान्ह्याला काय पाजशील? तुझं दूधबी आटलंय."

तान्हा रडत होता, आवाज न करता.

छबूच्या कमरेला दोर मीच बांधला. गाठ ओढून पाहिली. पुन्हा ओढून पाहिली.

कळशी भरून आली. मग छबू आली. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले नाहीत. मला नीट निरखलं आणि म्हणाली, "स्टेड."

एकाच्या जागी दुसरं. डिक्शनरीत एवढंच आहे.

तेव्हापासून ती मराठी बोलत नाही. पाणी पीत नाही. विहिरीचं पाणी मात्र वाढलंय, बाया आता पोहऱ्यानं काढतात. बंकटनं बॅटरी मारून तळ पाहिला. "कुणी न्हाई," म्हणाला.

तान्हा निजला की मी तिला कडेवर घेऊन विहिरीवर जाते. कठड्यावर कान देते.

"आई," खालून छबू म्हणते, "वाटी भरली. वर घे की."

मी ओ द्यायला तोंड उघडते. कडेवरची पोर माझ्या ओठांवर हात ठेवते. गार हात.

मग खाली वाकून, मायेनं, विहिरीला सांगते, "अनॉन."