आकडा अडकला, शेठना सांगितलं

ही गोष्ट रात्रीची नाही. आधीच सांगितलेलं बरं.

भर दुपार होती. गुरुवार. दोन वाजून चाळीस मिनिटं. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेल-चादरीच्या एका कारखान्यात, सूत रंगवायच्या खात्यात सात माणसं उभी होती. सगळी शुद्धीवर. सातही जणांनी ते ऐकलं.

आज त्यातले चार जण म्हणतात, आम्ही काहीच ऐकलं नाही.

म्हणू देत बापडे. पोट सगळ्यांनाच आहे.

महादेवी मात्र अजून सांगते. तिच्या तोंडून जे आलं तेच हे. पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

तिचा नवरा गुरप्पा याच कारखान्यात रंगाच्या टाकीवर होता. टाकी म्हणजे माणसाच्या उंचीचं पोलादी पिंप. आत सूत, रंग, उकळतं पाणी, वाफ. झाकण घट्ट बंद. आत किती तापलंय ते शेजारच्या कॉम्प्युटरवर दिसायचं. आकडा ऐंशीच्या खाली आला की मगच झाकण उघडायचं. टाकीवर काट्याचं मीटरही होतं, पण ते फुटून तीन वर्षं झाली होती. नवं कोण बसवणार?

आणि तो कॉम्प्युटर! त्यातली सिस्टीम इतकी जुनी, की बनवणाऱ्यांनीही तिच्याकडे बघणं सोडलं होतं. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा संगमेश नऊ वर्षं मालकांच्या मागे लागला होता.

"शिवराज शेठ, नवीन सिस्टीम टाकू. ही कधी दगा देईल सांगता येत न्हाय."

"चालतंय की!" शेठ म्हणायचे. "चालत्या गाडीला कशाला हात लावायचा?"

एका वर्षी लग्नसराईच्या ऑर्डरी अंगावर होत्या. मग कळलं, टाकीचा प्रोग्राम करून देणाऱ्या माणसानं धंदाच बंद केलाय. नव्या सिस्टीमवर तो चालेल का, कोण सांगणार? पुढे निघालं की चार दिवस टाकी बंद ठेवावी लागेल. चार दिवस! शेठना घामच फुटला. मग दिवाळीनंतर बघू, पाडव्यानंतर बघू, गड्ड्याची जत्रा होऊ दे मग बघू. जत्रा झाली, पाळणे उठले, शेठ बघतच राहिले.

खंडेनवमीला मात्र त्या कॉम्प्युटरला झेंडूचा हार असायचा. कुंकू असायचं. वर लिंबू.

गुरप्पा वळसंगचा. कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढल्याशिवाय घराबाहेर पडायचा नाही. सिस्टीम-बिस्टीम त्याला कळत नव्हती. पण एक कळलं होतं. आकडा अडकतो. आत पाणी तापत राहतं आणि पडद्यावर मात्र तोच आकडा.

मग तो बोटाच्या पेरानं पडद्याच्या काचेवर दोनदा वाजवायचा.

टक्... टक्.

आणि बटण दाबायचा. आकडा हलला तर खरा. नाही हलला तर अडकलेला.

अडकला की शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं, हा त्याचा नेम. 'आकडा अडकला. शेठना सांगितलं.' रोज. कधी दिवसातून दोनदा. शेठनी तो रकाना एकदाही उघडून पाहिला नाही.

गेल्या मे महिन्यात, अशाच एका गुरुवारी, दुपारी दोन चाळीसला पडद्यावर चौऱ्याहत्तर होतं. बाहेर गाडी भरायला उभी होती. शेठ फोन कानाला लावून मागे येरझाऱ्या घालत होते.

"शेठ, जरा थांबू या. अडकलाय वाटतं."

"चौऱ्याहत्तर दिसतंय की! उघड रे."

गुरप्पानं उघडलं.

पुढचं सांगत नाही. घरच्यांना त्याचं तोंड दाखवलं नाही, एवढ्यावरून समजा.

कागदावर लिहिलं गेलं, 'कामगाराच्या हलगर्जीपणामुळे.' शेठ काय म्हणाले होते ते सूत वाळवणाऱ्या केराबाईनं कानांनी ऐकलं होतं. चौकशीत तिनं तोंड उघडलं नाही. अकराव्या दिवशी महादेवीच्या गळ्यात पडून रडली, तेव्हा सांगितलं.

महादेवीची पोरगी दानेश्वरी नववीत. शाळेत कुणीतरी काहीतरी बोललं असणार. घरी येऊन दप्तर न काढताच तिनं विचारलं,

"आई, अप्पांची चूक होती?"

त्या दिवशी महादेवीनं फेरचौकशीचा अर्ज केला. तिला दुसरं काही नको होतं. त्या कागदावरचा तो एक शब्द पुसला जायला हवा होता.

अर्जाचं शेठना कळायचं होतं. त्याआधीच त्यांना दया आली. दया म्हणजे काय, तर तिला कामावर घेतलं. त्याच कॉम्प्युटरसमोर, त्याच स्टुलावर. काम एकच. दर दहा मिनिटांनी बटण दाबायचं, आकडा हलतो का बघायचं.

माणूस मेला तरी सिस्टीम बदलली नाही. तिच्यासमोर त्याची बायको आणून बसवली.

तिनं मुकाट्यानं काम धरलं. तिला तो शेऱ्याचा रकाना हवा होता. तो तिनं पहिल्याच दिवशी उघडला. सगळं होतं. ओळीखाली ओळ. 'शेठना सांगितलं. शेठना सांगितलं.' फोटो कसा काढणार? मोबाईल गेटवर जमा. प्रिंटर कधीचा बंद. मग ती रोज थोडं थोडं वहीत उतरवून घेऊ लागली.

उतरवता उतरवता ती मे महिन्यापर्यंत आली. गुरप्पाच्या शेवटच्या गुरुवारपर्यंत.

आणि थांबली.

रकाना तिथं संपत नव्हता...

खाली जून होता. जुलै होता. ऑगस्ट. रोज एक ओळ. वेळ दोन चाळीस. ऑपरेटर गुरप्पा.

'आकडा अडकला. शेठना सांगितलं.'

गुरप्पाला वळसंगला माती देऊन तीन महिने झाले होते. तिनं स्वतः मूठ टाकली होती.

"अय्यो शिवा," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

त्यानंतर तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. जेवून परत यावं तर स्टूल गरम. बसलेला माणूस नुकताच उठावा तसं. सकाळी कुलूप उघडून खात्यात शिरलं की बटणावर एक पांढरा ठसा असायचा. बोटाचा. तिनं वास घेतला. विभूती.

ती घाबरली का? घाबरली की. पण पळाली नाही. जिवंत होता तेव्हा ह्याच माणसाचा डबा ती रोज भरत होती.

फेब्रुवारीत फेरचौकशीचं पत्र आलं. गुरुवारी अधिकारी येणार, टाकी आणि कॉम्प्युटर बघणार.

बुधवारी सकाळी सकाळी संगमेश नवाकोरा कॉम्प्युटर, नवी सिस्टीम, नवा प्रिंटर घेऊन हजर!

"शेठ, नऊ वर्षं सांगतोय, आज एकदम?" तोच चक्रावला होता.

"आजच्या आज झालं पाहिजे. टाकीचा प्रोग्राम तेवढा नव्यात घाल. जुनं बाकी सगळं पूस."

"आणि टाकीखालचा डबा? आकडा तिथून येतो. तो बदलल्याबिगर..."

"ते लग्नसराईनंतर बघू."

शेठची पाठ वळली तशी महादेवीनं संगमेशचा हात धरला. "एक दिस थांब रे. उद्या साहेबांनी बघितलं की मग पूस. त्यात त्यांचं समदं लिवलेलं हाय."

संगमेशनं मान खाली घातली. "अक्का, माझं दुकान शेठच्याच गाळ्यात हाय."

त्यानं पुसायला घेतलं. पडद्यावर पट्टी सरकत होती. ती बघत होती. नवऱ्याचं एकेक वर्ष पुसलं जात होतं आणि ती स्टुलावर बसून बघत होती. पट्टी टोकाला पोचली, पडदा काळा झाला.

टक्... टक्.

संगमेश दचकला. "अक्का, तुमी वाजवलं?"

महादेवीचे दोन्ही हात पदरात गुंडाळलेले होते.

त्यानं जुन्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. वायर भिंतीतून केव्हाच काढलेली होती. तो सामान उचलून गेला, चहासुद्धा घेतला नाही.

संध्याकाळी शेठ म्हणाले, "आता नवीन आलंय. बटण दाबायला माणूस लागत न्हाय. परवापासून येऊ नका."

गुरुवारी अधिकारी आले. महादेवीनं वही पुढे केली. जे जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. मेच्या पुढचं तेवढं सांगितलं नाही. कोण विश्वास ठेवणार?

"बाई, हे तुमचं अक्षर आहे. मूळ नोंदी कुठं आहेत?"

"काल पुसल्या, साहेब."

"काल?" अधिकाऱ्यांनी शेठकडे पाहिलं.

"साहेब, सुरक्षेसाठी नवीन सिस्टीम टाकली. जुनं कसं राहील?" शेठ हात जोडून म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काय तो साळसूदपणा! "चला, दाखवतो कशी चालते."

केराबाई एका कोपऱ्यात जमिनीकडे बघत उभी होती. अधिकाऱ्यांनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय? तिनं मान हलवली. नाही.

दोन चाळीस झाले होते. नव्या पडद्यावर मोठ्या हिरव्या अक्षरात चौऱ्याहत्तर.

"धुळा, उघड," शेठ म्हणाले.

धुळा टाकीवरचा नवा माणूस. आधी गुरप्पाच्या हाताखाली होता. त्यानं हातमोजे चढवले, झाकणाच्या दांड्याला हात घातला.

टक्... टक्.

स्पष्ट. नव्या काचेवर. पडद्याजवळ कुणीही नव्हतं.

धुळानं चटका बसल्यासारखा हात काढला. नवी सिस्टीम दाखवायला बोलावलेला संगमेश भिंतीला टेकला. खात्यात रंगाचा आंबूस वास असतो, त्यात अचानक विभूतीचा वास पसरला...

"काय झालं? उघड की!"

"न्हाय शेठ," धुळा म्हणाला. "गुरप्पाण्णा नगं म्हणतोय."

"खुळ्यांचा बाजार भरलाय नुसता!" साहेबांसमोर शोभा होत होती. शेठ तरातरा पुढे आले आणि त्यांनी स्वतः दांडा धरला.

महादेवीला सगळं कळत होतं. आकडा अडकलाय. आत उकळतंय. दांडा एकदा फिरला की संपलं. आणि तिनं एक शब्दही काढला नाही, तर कागदावर काय येणार होतं? हलगर्जीपणा. ह्या खेपेला शेठचा.

ती गप्प राहिली. दांडा पाव फिरला. बारीक शिट्टी ऐकू आली.

"शेठ, हात काढा!" ती ओरडली. "आकडा अडकलाय!"

शेठ मागे कोलमडले. अधिकाऱ्यांनी बॅगेतून उष्णता मोजायचं यंत्र काढून टाकीवर रोखलं. एकशे एकवीस.

तिला वाटलं, आता तरी कळेल. आता तरी कुणीतरी म्हणेल, गुरप्पा खरं बोलत होता.

अधिकाऱ्यांनी घाम पुसला. लिहिलं, 'नवीन यंत्रणेत किरकोळ दोष. दुरुस्तीची सूचना दिली.' आणि गुरप्पाचं? "पुरावा नाही, बाई. त्या वेळचा आकडा कुठंय?" फाईल बंद.

शेठनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जाता जाता म्हणाले, "जुनंच बरं होतं. उद्यापासून या. बटण दाबायला कुणीतरी लागणारच."

जीव वाचवला त्याबद्दल एवढंच.

शुक्रवारी ती स्टुलावर बसली. नव्या सिस्टीममध्येही शेऱ्याचा रकाना होता. कोरा. दोन चाळीसला आकडा थांबला. काचेवर दोन टिचक्या. आणि कोऱ्या रकान्यात, तिच्या डोळ्यांसमोर, एकेक अक्षर उमटत गेलं...

ऑपरेटर गुरप्पा.

'आकडा अडकला. महादेवीला सांगितलं.'

तिनं दोनदा वाचलं. तिला रडू फुटलं. नऊ वर्षं शेठना सांगून तो माणूस थकला होता. आता त्यानं तिला सांगितलं होतं.

मागे कुणीतरी उभं होतं. शिवराज शेठ. त्यांनीही वाचलं. चेहरा पांढराफटक पडला. मग हळूहळू रंग परत आला. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच ते शेऱ्याचा रकाना वाचत होते.

"संगमेशला बोलवा," ते म्हणाले. "ह्याची प्रिंट काढायची."

प्रिंट निघाली. वर तारीख, वेळ, खाली ओळ. महादेवीला सांगितलं. शेठनी त्या प्रिंटवर सही-शिक्का मारला आणि ती फाईलला लावली. आता रोज एक प्रिंट निघते. ही नोंद मात्र पुसायची नाही, असं संगमेशला बजावून ठेवलंय. उद्या काही झालं, तर कागद म्हणणार, महादेवीला माहीत होतं.

टाकीखालचा डबा अजून जुनाच आहे. महादेवी रोज शेठना जाऊन सांगते. शेठ म्हणतात, लग्नसराई होऊ दे. त्यांना सांगितलं हे कुठंही लिहिलं जात नाही. तिनं स्वतः लिहून पाहिलं. सकाळी तिची ओळ गेलेली असते. त्याची राहते.

तिची ओळ कोण पुसतं, शेठ की आणखी कुणी, हे तिला कळत नाही. विचार करायची तिला भीती वाटते.

परवा तिनं पहिल्यांदाच त्या स्टुलाशी भांडण काढलं. मोठ्यानं. खात्यात कुणी नसताना.

"माझं नाव कशाला लिवता ओ? मी काय केलं तुमचं?"

स्टूल गरम होतं, आणि पडद्यावर चौऱ्याहत्तर होतं.