निरोप चालत नाही

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. माझ्या मावशीला समोर बसवून विचारा, अजूनही तिला कापरं भरतं. हे घडलं एका रविवारी, भर दुपारी, रिसेप्शनच्या हॉलवर.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवतात. कोणता वादक कधी मोकळा आहे ते विचारून तारखा लावायचं काम मावशीचं. वादक म्हणजे आयत्या वेळी तोंडाला पानं पुसणारी माणसं, असं तिचं ठाम मत. म्हणून तिने कायदाच केला होता. संध्याकाळपर्यंत 'नाही' कळवलं नाही, तर ती 'हो' धरणार. आणि निरोप चालणार नाही. ज्याने त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

शनिवारी ड्रमरच्या बायकोचा फोन आला.

"ताई, हे उद्या येणार नाहीत. हे..."

"निरोप चालत नाही. त्याला तोंड नाही का? त्याला सांगू दे."

मावशीने फोन कापला.

ड्रमरचा काही फोन आला नाही. संध्याकाळ उलटली. मावशीने 'हो' धरलं.

रविवारी ती हॉलवर पोचली, तेव्हा स्टेजचा पडदा पाडलेला होता.

मागून ड्रम वाजत होते...

"आला ना गुपचूप?" ती काकांना म्हणाली. "मेल्याची नाटकं नुसती."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अगं, मला आत्ता कळलं. काल सकाळीच गेला तो."

ठेका थांबला नाही.

काकांनी पडदा ओढला...

स्टूल रिकामं. काठ्या जमिनीवर. झांज मात्र अजून थरथरत होती.

तेवढ्यात मावशीचा फोन वाजला.

नंबर ड्रमरचा होता.

"ताई, तुमची एक तारीख हवी होती." आवाज त्याचाच, नेहमीसारखा चिडका. "मोकळ्या आहात ना? संध्याकाळपर्यंत 'नाही' म्हणाला नाहीत, तर 'हो' धरतो."

मावशीच्या तोंडून शब्द फुटेना. काकांनी फोन हिसकावून घेतला.

"ती येणार नाही. ऐकलंस? कुठेही येणार नाही."

पलीकडून पुन्हा तोच चिडका आवाज आला.

"निरोप चालत नाही. त्यांना तोंड नाही का? त्यांना सांगू द्या."

फोन बंद झाला. पुन्हा तो नंबर लागलाच नाही. त्याची बायको म्हणाली, त्याचा फोन तिच्या कपाटात आहे, कालपासून बंद.

मावशी खिडकीशी बसून नुसते ओठ हलवत राहिली. उन्हं उतरली तरी आवाज निघेना. वाचा परत आली ती दिवे लागल्यावर.

आता कोणीही काहीही विचारलं, की ती आधी 'नाही' म्हणते. चहा घेतेस का? नाही. बरं वाटतंय का? नाही. सुरुवातीला आम्ही हसायचो. आता कोणी हसत नाही.

तारीख कुठली, ते त्याने सांगितलंच नव्हतं.