आवाज येतोय, रविवारी या

"ओ... तुम्हीच ना ते दारवाले?"

कल्याण-शीळ रस्त्यावरच्या सीएनजी पंपावर रविवारी सकाळी ही एवढी रांग! थंडीचे दिवस, ऊन हवंहवंसं, म्हणून जो तो गाडीतून उतरून बॉनेटला टेकलेला. त्यातलाच एक उंच, सावळा तरुण दचकून वळला. मागच्या गाडीतून उतरलेली एक चष्मेवाली मुलगी थेट त्याच्याकडे चालत येत होती. चेहऱ्यावर ओळख कमी, तक्रार जास्त.

"दारवाले?" त्याने विचारलं.

"रत्नदीप सर ना? ग्रुपवर फोटो आहे तुमचा, हाच शर्ट. तुम्हीच लिहिलेलं ना... ‘नव्या फेसलिफ्टचं दार लावलं की लोखंडी कपाटासारखं धप्प वाजतं, या पैशात एवढी मजबूत गाडी दुसरी नाही’?"

"लिहिलेलं," तो जपून म्हणाला.

"ते वाचून मी गाडी घेतली. दार धप्पच वाजतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण छतातून खडखड येते, त्याचं काय?"

आता हा ग्रुप म्हणजे काय ते सांगायला हवं. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या, एकाच छोट्या एसयूव्हीच्या मालकांचा तो ग्रुप. गाडीचा चेहरामोहरा बदलून नवी आवृत्ती आली - नवी जाळी, मोठी स्क्रीन, मागच्यांना एसी, महागातल्या मॉडेलला सनरूफ - आणि ग्रुपवर नुसता कल्ला. कुणी म्हणे प्लास्टिक हलकं, कुणी म्हणे चार्जरवर फोन तव्यासारखा तापतो. पण शेवटी सगळ्यांचा प्रश्न एकच: रत्नदीप सर काय म्हणतात? सर विठ्ठलवाडीच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. गाडी दहा हजार किलोमीटर चालवल्याशिवाय चांगलं बोलायचे नाहीत आणि खोटं तर मुळीच नाही. त्यांचा शब्द म्हणजे पक्की पावती.

संचिता डोंबिवलीतल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर ‘आता खालची ओळ वाचा’ म्हणून म्हणून गाडीपुरते पैसे जमवलेले. ही तिची पहिली गाडी, आणि पहिल्या गाडीतून खडखड आली की माणसाच्या काळजातून येते हो!

"तुमची सनरूफवाली का?" रत्नदीपने विचारलं. "माझी बिनसनरूफची. माझ्यात आवाज नाही."

"म्हणजे माझ्यातच खोट?"

"तुमच्यात नाही... गाडीत," तो गडबडला आणि कानापर्यंत लाजला. संचिताला उगाच बरं वाटलं.

संचिताच्या गाडीच्या मागच्या सीटवरून तिच्या हौसाबाई आत्याने काच खाली केली. "अगं, नुसतं भांडतेस काय? बसव त्याला गाडीत, ऐकू दे त्याला!"

आणि रत्नदीपने काय करावं? हातातला नंबर सोडला, स्वतःची गाडी बाजूला लावली आणि संचिताच्या शेजारी येऊन बसला. सीएनजीच्या रांगेतला नंबर सोडणं! आपल्याकडे लोक सख्ख्या भावासाठी सोडत नाहीत. पण संचिताला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. ती फक्त खड्डे शोधत होती, आणि शीळ रस्त्यावर खड्डा शोधावा लागत नाही.

टक... टक-टक... खडखड.

"ऐकलंत?"

"ऐकलं," तो डोळे मिटून म्हणाला. पापण्या लांब आहेत याच्या, संचिताच्या मनात आलं, आणि दुसऱ्या खड्ड्यात गाडी जरा जोरातच गेली.

त्या दिवशी काही सापडलं नाही. म्हणून पुढचा रविवार ठरला.

पुढच्या रविवारी गांधारी पुलापलीकडच्या रस्त्यावर त्याने पुढचे सीटबेल्ट, मागची सीट, डिकीतलं सामान, सगळं एकेक करून काढून बघितलं. आत्या मागे बसून आपलं मत देत होती. "सीट मऊ आहे हो मास्तर, पण चढताना पदर अडकतो. तेवढं कंपनीला कळवा." उतरताना तिने रत्नदीपच्या गाडीत डोकावून बघितलं. डॅशबोर्डवर छोटीशी पांढरी बुद्धमूर्ती होती. आत्याने ती नीट निरखली. घरी गेल्यावर भाजी निवडता निवडता म्हणाली, "मुलगा शांत आहे गं. आपल्यासारखा घाईचा नाही." आणि त्यानंतर रविवार आला की तिचे गुडघे दुखायला लागले. बिचारीला मग घरीच बसावं लागायचं.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. संचिता सांगायची, स्क्रीनच्या कडेचं काळं प्लास्टिक पुसून पुसून वैताग आला, बोटांचे ठसे राहतात. तो म्हणायचा, "मग बोटं लावू नकोस."

"मग गाणं कोण बदलणार?"

"मी आहे ना."

"तू फक्त रविवारी असतोस," ती बोलून गेली. मग दोघंही समोरच्या रस्त्याकडे फार लक्ष देऊन बघायला लागली...

मग आला तो शनिवार.

संध्याकाळी संचिता आतून काच पुसत होती. आरशाच्या वर, दिव्याशेजारी तिच्या हाताचा दाब पडला आणि ‘टक्’ करून एक छोटासा कप्पा उघडला. आतून एक सुपारी टुणकन तिच्या मांडीत पडली.

पूजेची सुपारी! शोरूमच्या दारात नारळ फोडला तेव्हा आत्याने पानावर मांडलेली. ‘देव कसा डोक्याच्या वर हवा’ म्हणत तिने ती कुठेतरी ठेवलेली, एवढं संचिताला आठवत होतं. कुठे, ते आता कळलं. गॉगल ठेवायचा कप्पा होता तो. नंबरचा चष्मा लावणारी संचिता गॉगल कशाला घालेल आणि कप्पा कशाला उघडेल? आणि रत्नदीपच्या स्वस्तातल्या मॉडेलमध्ये हा कप्पाच नव्हता.

तिला हसू फुटलं. तिने फोन उचलला, त्याचं नाव काढलं... आणि बोट तसंच राहिलं.

सांगितलं की तो म्हणणार, "वा! सुटला प्रश्न." आणि मग? मग रविवारी तो कशाला येईल? कुठल्या तोंडाने म्हणायचं, ये म्हणून?

तिने इकडेतिकडे बघितलं. सुपारी परत कप्प्यात ठेवली. कप्पा लावला. आणि मेसेज पाठवला, "आवाज येतोय. उद्या ये."

तो रविवार फार सुंदर गेला. तो तिला कल्याणजवळच्या मोहन्याला घेऊन गेला. वडील तिथल्या जुन्या कारखान्यात होते, त्याचं लहानपण तिथलंच. टपरीवर चहा घेताना तो म्हणाला, "पप्पांनी एकदा मित्राच्या शब्दावर जुनी स्कूटर घेतलेली. मित्राला दोष माहीत होता, बोलला नाही. स्कूटरचं काही नाही गं... पण पप्पा परत त्या मित्राकडे गेले नाहीत. म्हणून मी लिहिताना दहादा विचार करतो. माझ्या शब्दावर एक माणूस जरी फसला ना, मला अन्न गोड लागत नाही."

संचिताने चहाचा कप खाली ठेवला. आत्ता सांग, तिचं मन ओरडत होतं. आत्ता!

पण गाडीत बसल्यावर तो छताला हात लावून आवाज चाचपायला लागला. तिनेही हात वर केला. बोटांना बोटं लागली. त्याने हात काढला नाही, तिनेही नाही. गाडी बंदच होती, आवाज कसला येणार? तरी दोघं बराच वेळ ऐकत राहिली. सांगायचं राहूनच गेलं.

सोमवारी सकाळी ग्रुपवर सरांचा मेसेज आला. "सनरूफवालं मॉडेल घेऊ नका. बाकी सगळं काढून बघितलं, आवाज छतातूनच येतो; बांधणी कच्ची आहे. मजबुतीबद्दल आधी लिहिलेलं मी मागे घेतो."

झालं! ग्रुपवर आग लागली. साकेत नावाच्या ठाण्याच्या एका सभासदाने लिहिलं, आईला वर आकाश दिसावं म्हणून हेच मॉडेल बुक केलेलं, आता रद्द करतो. सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरचा सरांना फोन आला, बुधवारी ठाण्याला ती खडखडणारी गाडी आणा, तुमच्यासमोर छत उघडतो. दोष निघाला नाही तर ग्रुपवर तसं लिहायचं. सरांनी क्लासला सुट्टी टाकली. त्याने संचिताला कळवलं, "घाबरू नकोस. तुझ्यासाठी शेवटपर्यंत भांडणार."

संचिताला दोन दिवस जेवण गेलं नाही. सांगावं तर तो तोंड बघणार नाही. न सांगावं तर त्याने वर्षानुवर्षं जपलेला शब्द तिच्यामुळे मातीत जाणार. एका एवढ्याशा सुपारीने केवढा घोळ घातला! सुपारीने कसला, तिनेच घातला होता.

बुधवारी ती आपली गाडी घेऊन ठाण्याला गेली. रत्नदीप आधीच पोचलेला. दर्शना नावाच्या सर्व्हिसवालीने कागद भरले, मेकॅनिकने आतले दिवे काढायला पेचकस लावला. रत्नदीप हाताची घडी घालून उभा होता. भरवशाने.

"थांबा," संचिता म्हणाली.

आवाज इतका बारीक आला की कुणी थांबलं नाही.

"थांबा ना!"

ती आत वाकली. कप्पा दाबला. सुपारी काढून तिने तळहातावर ठेवली आणि हात पुढे केला. दर्शनाला हसू आवरेना, मेकॅनिक तर तोंड फिरवून हसला. रत्नदीपही हसला.

"अरे देवा, ही होय! आत्ता सापडली?"

इथे ‘हो’ म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. अगदी सहज. संचिताने त्याच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला ते जमलं नाही.

"नाही. मोहन्याला गेलो त्याच्या आदल्या दिवशी. मीच परत ठेवली."

त्याचं हसू हळूहळू गेलं. "मी तुला स्कूटरचं सांगितलं... तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

  तो वळला आणि बाहेर गेला.

संचिता तिथेच उभी राहिली. डोळ्यांत पाणी, चष्म्यावर वाफ. रडायला वेळ होता का पण? तिने फोन काढला, ग्रुप उघडला आणि माईकचं बटण दाबून धरलं.

"नमस्कार. मी संचिता, डोंबिवली. सनरूफवाल्या गाडीची मालकीण. सर चुकले नाहीत, मी त्यांना चुकायला लावलं. छताला काहीही दोष नाही. गॉगलच्या कप्प्यात पूजेची सुपारी होती, ती वाजत होती. मला आधीच कळलेलं. मी सांगितलं नाही, कारण आवाज बंद झाला असता तर सर रविवारी आले नसते. आणि मला... मला ते यायला हवे होते. साकेतभाऊ, बुकिंग रद्द करू नका. आईंना आकाश दाखवा. गाडी चांगली आहे, वाईट मी वागले."

बटण सोडलं. गेला मेसेज. शे-दीडशे मालकांकडे, ठाण्यापासून कल्याणपर्यंत. आता जगबुडी झाली तरी चालेल म्हणत ती बाहेर आली.

फाटकापाशी रत्नदीपची गाडी उभी होती, गेलेली नव्हती. उघड्या काचेतून तिचाच आवाज येत होता. "...मला ते यायला हवे होते..." मग थोडं थांबून पुन्हा, "...मला ते यायला हवे होते..."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. त्याने फोन उलटा ठेवला.

"एवढ्या सगळ्यांसमोर कशाला? मला एकट्याला सांगायचंस."

"तू सगळ्यांसमोर लिहिलेलंस. मग मी कोपऱ्यात कसं सांगू?"

"मला राग आलाय, संचिता."

"येऊ दे."

"लगेच जाणार नाही तो."

"नको जाऊ दे. मी थांबते."

तो स्टिअरिंगकडे बघत बसला. फोन सारखा थरथरत होता. साकेतने अंगठा पाठवला होता, कुणी आत्यांना नमस्कार कळवला होता, आणि एक काका परत परत विचारत होते की गॉगलचा कप्पा नक्की कुठे असतो.

"एक सांगू?" तो म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "मी दर रविवारी मनात म्हणायचो, आजही सापडू नये. मग स्वतःचीच लाज वाटायची... म्हणून आणखी जीव तोडून शोधायचो. तुला फक्त आवाजाचं पडलंय असं वाटायचं मला."

"वेडा आहेस का रे?" ती रडता रडता हसली. "इतके रविवार एका खडखडीसाठी कोण पेट्रोल जाळतं?"

"सीएनजी," तो म्हणाला.

"गप्प बस."

 त्याने हात बाहेर काढला आणि खिडकीवरच्या तिच्या हातावर ठेवला, अजून रागावलेल्या माणसाने ठेवावा तसा, जरा घट्ट.

"रविवारी येऊ?"

"कशाला? आवाज तर बंद झाला."

"म्हणूनच विचारतोय."

 संचिताने मान हलवली, हो म्हणून, दोनदा.