बांबूच्या टोपलीखालचा ढीग

"टोपल्या आत्ताच हलवू नकोस! दोन्ही ढिगांवर सारखं ऊन आहे का, ते आधी बघ!" नईमाने धाकट्या भावाला दटावले.

"सारखंच आहे, आपा! आणि माझ्या डोक्यावर तर सगळ्यांत जास्त!" तौहिद घाम पुसत म्हणाला.

नंदुरबारला दिवाळीच्या सुट्टीचा चौथा दिवस होता. राजेंद्रशेठच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानावर, लाल मिरची वाळत पडली होती. बायका देठ खुडून निवड करत आणि आपापल्या ढिगावर खुणेसाठी स्वतःची टोपली ठेवत. पहाडातून आलेल्या रूपलीबाईंची टोपली घरी विणलेली, बांबूची. त्यांचा ढीग फिका ठरवून मुकादम बन्सीलालने सकाळीच त्यांना कामावरून काढले होते. चार वाजता नाक्यावरून ऊसतोडीचा टेम्पो गुजरातला निघणार होता. रूपलीबाई त्यात बसल्या, की त्यांच्या हेमराजची, म्हणजे नईमाच्या वर्गमित्राची, शाळाही सुटणार होती.

"पण ढीग खरंच फिका असेल तर?" तौहिदने विचारले.

"म्हणून तर प्रयोग! विज्ञानाच्या बाई काय म्हणाल्या होत्या? एक मत असं, की पाहण्यासाठी लागणारी सगळी माहिती उजेडातच असते. आपण ती फक्त टिपतो. दुसरं असं, की डोळ्यांकडून तुटपुंजी खबर येते आणि उरलेलं मेंदू आपल्या समजुतीने भरतो."

"म्हणजे मेंदू बिनबोभाट कॉपी करतो!"

नईमाने रूपलीबाईंची टोपली शेजारी निवड करणाऱ्या जागृतीताईंच्या ढिगावर ठेवली आणि जागृतीताईंची रूपलीबाईंच्या. तीनला येणारे शेठ पावणेचारला आले. बन्सीलालने लगेच बांबूच्या टोपलीकडे बोट केले.

"देखा शेठ! हाऊ ढीग कसा फिक्का शे! आनी तो देखा, लालभडक!"

"काका, नक्की?" नईमाने विचारले.

"ईस वरीस व्हयनात मिरची देखी ऱ्हायनू! मन्हा डोया चुकतीन का?"

"चुकनात ना!" जागृतीताई उठल्या. "फिक्का म्हनतस तो मन्हा ढीग शे! सकायले तुम्हीच त्याले एक नंबर म्हनं!"

नईमाने टोपल्यांची अदलाबदल सांगितली. बन्सीलालने डोळे चोळून पुन्हा पाहिले. तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसे दिसले होते. नईमाला याचीच अधिक भीती वाटली. लबाडी पकडता येते. याचे काय करायचे?

"शाब्बास पोरांनो!" शेठ म्हणाले. "शास्त्रज्ञ शेतस तुम्ही! उद्यापासून टोपल्या काढूनच तपासणी! जा, रूपलीबाईले बलावा!"

बांबूची टोपली घेऊन दोघे धावले. नाक्यावर चार वाजून सहा मिनिटे झाली होती. टेम्पो निघून गेला होता.

"फोन कर ना, आपा!"

"कोणाला? त्यांच्याकडे फोन आहे कुठे?"

दुसऱ्या दिवशी एकाही ढिगावर टोपली नव्हती. बन्सीलाल एकेक ढीग पाहत कोपऱ्यात थांबला. त्याने ओंजळभर मिरची उन्हात धरली.

"वा! याले म्हनतस माल! कोना शे हाऊ ढीग?"

बायका खाली मान घालून देठ खुडत राहिल्या. तौहिदने बांबूची टोपली आणली आणि त्या ढिगावर ठेवली.